इथे असं कोणी राहत नाही

३ एप्रिल

मिळालं एकदाचं घर! सकाळी कपड्यांच्या बॅगा, गादीची वळकटी आणि आईने हट्टाने बांधून दिलेली चटणीची बरणी घेऊन ठाकुर्लीला आलो. रिक्षावाल्याने आपणहून गादी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवून दिली. जिना जरा अंधारा आहे, पण एवढ्या उन्हाळ्यात माठासारखा थंडगार. हॉल, स्वयंपाकघर आणि खुर्ची मावेल एवढा सज्जा. सज्ज्यातून बंद पडलेल्या पॉवर हाऊसकडची झाडं दिसतात. ती पाहून मी इतका खूश झालो की आधी गादीसुद्धा उलगडली नाही, तिथेच उभा राहिलो.

घरमालक त्र्यंबककाका वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. मी आलो तर स्वतः केरसुणी घेऊन कोपरे झाडत होते. मी हातातून घ्यायला गेलो तर म्हणाले, तू आज पाहुणा, उद्यापासून तुझं घर. चहात आलं, वेलची दोन्ही होतं.

नोकरी लागल्यापासून कल्याणला कंपनीतल्या एकाच्या खोलीवर जमिनीवर झोपत होतो. घरं किती पाहिली! ठाण्यात पाहिली, कल्याणात पाहिली, कोलशेतला कंपनीच्या भिंतीला लागून असलेलंही पाहिलं. फोनवर घर असायचं. निपाणी म्हटलं की समोरचा विचारायचा, म्हणजे कर्नाटक ना? आणि मेत्री आडनाव ऐकून, जरा थांबून, आणखी दोन प्रश्न विचारले की तेवढ्यात ते घर गेलेलं असायचं. निपाणीत आम्ही कानडी पाट्यांखाली उभं राहून मराठी आहोत म्हणून सांगत आलो, आणि इथे मी कानडी. एका एजंटने तर चांगली इडली कुठे मिळते ते मलाच विचारलं.

काकांनी तसं काही केलं नाही. त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं. मेत्री म्हणजे तिकडचे लिंगायत ना? मग शाकाहारी असशील, उत्तम. मी मान हलवली. बोललो काहीच नाही, नुसती मान. हद्दीपलीकडचं आडनाव इथे कोण तपासायला जातंय?

संध्याकाळी आईचा फोन. फोटो कुठे लावलास, हेच पहिलं विचारलं. दारासमोरच्या भिंतीवर, म्हटलं. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा तो फोटो अजून बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेला आहे. लावेन. खिळा नाही.

८ एप्रिल

घडी बसली. पहाटे कंपनीची बस, लॅबमध्ये नमुने तपासायचे, दुपारी घरी. दुपारची झोप हा या घरातला मोठा आनंद.

खाली फाटकाला लागून शालूमावशीचं बैठं घर आहे. ही इमारत उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्यांची, इथे भात पिकायचा. आता ती दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, “कुठशी आयलास रं बाला? जेवलास का?” आज ती जवळा निवडत होती. तव्यावर कांद्यात परतलेला जवळा डोळ्यांपुढे आला आणि तोंडाला पाणी सुटलं. पण काका बरोबर होते. त्यांनी रुमाल नाकाला लावला, म्हणून मीही लावला. मावशीने ते पाहिलं.

काल डोंबिवलीत खानावळीत मटण खाल्लं. येताना बडीशेप चघळली, साबणाने दोनदा हात धुतले, जिना चढताना श्वास रोखून धरला. स्वतःच्या घरी चोरासारखं चढलो.

१४ एप्रिल

आज सुट्टी. दरवर्षी या दिवशी आई पांढरी साडी नेसते, मी वस्तीत वंदना म्हणायला पुढे उभा असतो. वडील होते तेव्हा पताकांची दोरी तेच बांधायचे.

सकाळी खालून मिरवणूक गेली. निळे झेंडे, लेझीम, ट्रकवर पोरी. माझ्या सज्ज्यातून चांगलं दिसतं म्हणून काका खाली आले होते. वाईट हेतूने नाही, अगदी सहज म्हणाले की माणूस थोर होता रे, पण या लोकांना तो झेपला नाही. आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “हो ना.”

ट्रकवरच्या एका मुलीने मला पाहून हात उंचावला, जय भीम ओरडली. मी मागे वळून पाहिलं. जणू माझ्या पाठीमागे कोणी उभं आहे आणि ती त्याला म्हणते आहे. मागे अर्थातच कोणी नव्हतं. पुन्हा वळलो तेव्हा तिचा हात खाली आला होता.

आईचा व्हिडिओ कॉल आला. काका बसले होते, कट केला.

जेवून पडलो, तर दारावर टकटक. बाईचा आवाज, थकलेला, वऱ्हाडाकडचा. “धम्मा… ए धम्मा, घरी हायेस काय रे बाबू?” उठून दार उघडलं. कोणी नाही. खाली उतरणारी पावलंही नाहीत. दाराजवळच्या पायरीला सहज पाय लागला तर चटका बसला. तिथे ऊन कधीच येत नाही. बाकी सगळा जिना गार आणि ती एक पायरी तव्यासारखी तापलेली. कोपऱ्यात कोणीतरी भरून ठेवलेला पाण्याचा पेला.

१६ एप्रिल

काकांना विचारलं. त्यांनी कप बशीत ठेवून दिला. म्हणाले, तुझ्याआधी इथे एक मुलगा राहायचा, धर्मपाल, अकोल्याचा, मराठ्यांचा. सोन्यासारखा. न सांगता निघून गेला. एक भ्रमिष्ट म्हातारी अधूनमधून चौकशीला येते. तू दार उघडू नकोस. आतूनच सांगायचं, इथे असं कोणी राहत नाही. की जाते.

काकांनी धर्मपाल म्हटलं, पण बाई तर धम्मा म्हणत होती. धम्मचं धर्म करायला किती खरवडावं लागतं, हे मला कोणी शिकवायला नको.

२१ एप्रिल

दुपारी पुन्हा आली. मी पडल्या जागेवरून सांगितलं, “इथे असं कोणी राहत नाही.” आवाज खणखणीत निघाला. बाहेर लगेच शांत झालं. काका संध्याकाळी म्हणाले, ऐकलं मी, छान केलंस.

सोपं आहे.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. काकांकडे आमरस-पुरी. त्यांचे शाळेतले जुने सहकारी आले होते. आज बसवजयंतीही असते, हे काकांनी मुद्दाम कॅलेंडरात पाहून ठेवलं होतं. जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मला म्हणाले, बसवेश्वरांचं एखादं वचन कानडीतून म्हणून दाखव, आमचे कान पवित्र होऊ देत.

मला एकही येत नाही. पळून जावंसं वाटलं. मग शाळेत कानडीच्या तासाला पाठ केलेली मांजराची कविता आठवली. मांजर दूध पिते, शेपूट हलवते, आजी काठी घेऊन धावते. ती मी डोळे मिटून, संथ, हात जोडून म्हटली. उघडले तेव्हा सगळ्यांनी हात जोडले होते. एक बाई डोळे पुसत होत्या. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातात इतकी माया होती की मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांनी विचारलं, तुझं इष्टलिंग दिसत नाही गळ्यात? निपाणीला राहिलं म्हटलं.

जिना उतरताना हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. माझ्या दाराबाहेरची पायरी तापलेली होती. ओलांडून आत आलो.

२ मे

आज तिने धम्मा म्हटलं नाही.

टकटक झाली. मी नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात बाहेरून हाक आली, “राजरत्न.”

पूर्ण नाव. इथे मी राज आहे. पूर्ण नाव आहे ते फक्त आधार कार्डावर; ते पाहून काकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं होतं की तिकडे अशी नावं ठेवतात. मला भीती वाटायला हवी होती. वाटली, पण वेगळीच. काका वर जागे आहेत, त्यांना ऐकू जाईल, ही. मी दाराला तोंड लावून घाईघाईने म्हटलं, राजरत्न इथे राहत नाही. मग वर ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं.

बाहेर कोणीतरी खाली बसल्याचा आवाज झाला. गुडघ्यावर हात टेकून बसतात तसा, सुस्कारा टाकून.

५ मे

कामावरून येताना शालूमावशीने फाटकाशी अडवलं. म्हणाली, तू तिला नाही म्हणतोस ते माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. मग दारात बसवून सगळं सांगितलं.

तो धम्मपाल. बौद्धाचा पोर. काकांना धर्मपाल सांगून राहिला. एका मे महिन्यात त्याची आई न कळवता अकोल्याहून आली, जिन्यात नाव घेऊन विचारत वर गेली. काका जिन्यातच उभे होते. त्यांनी दार वाजवून विचारलं, धर्मपाल, ही कोण बाई धम्मपाल म्हणून विचारते आहे? आतून त्याने सांगितलं, इथे असं कोणी राहत नाही. काका म्हणाले, बघा बाई, नाही म्हणतोय. ती म्हणाली, आवाज तर त्याचाच आहे. आणि पायरीवर बसली. उघडेल म्हणून बसून राहिली. तापात आली होती, अंगातून नुसत्या वाफा निघत होत्या. मावशी पाणी घेऊन वर गेली तेव्हा तिची मान भिंतीला टेकली होती. पाणी ओठांवरून खाली ओघळलं.

धम्मपालने प्रेत ओळखलं की नाही, ते मावशीला माहीत नाही. पण पुढे एका भर दुपारी तिने त्याला खाडीकडे जाताना पाहिलं. शाळेत नेतात तसं, एका म्हातारीने त्याचा हात धरला होता. म्हातारी तीच. मावशीने हाक मारली, त्याने वळून पाहिलं नाही. परत आला नाही.

तेव्हापासून मावशी त्या पायरीवर पेला भरून ठेवते. ती पाण्याला शिवत नाही, पेला भरलेलाच राहतो. मला म्हणाली, “आई हाय ती. आईला नाय म्हनू नको, बाला.” मग थांबून, माझ्याकडे न पाहता, “तूपन त्यांच्यातलाच ना रं?”

मी म्हटलं, नाही, आम्ही लिंगायत.

ती म्हणाली, बरं.

९ मे

बहीण निशिगंधाचा फोन. आई परवा येते आहे, ऐकायलाच तयार नाही. तुझं घर बघायचंय तिला. मी म्हटलं, घरात रंगकाम चालू आहे. निशी म्हणाली, मग आई रंग बघेल.

११ मे

लिहायचं नव्हतं.

आईला कल्याणला बसवर घ्यायला गेलो. नवी साडी नेसली होती, हातात डबा, पिशवीत माझ्यासाठी उशीचे अभ्रे. डब्यात सुकं मटण. मी तिला स्टेशनाजवळच्या लॉजवर नेलं. रंगाचा वास आहे, तुला दम लागेल, म्हटलं. ती खाटेवर बसली, हॉटेलची चादर हाताने साफ केली. मग म्हणाली, “लांबनं तरी दावशील का रं घर?”

तिला सगळं कळलं होतं. फोटो लागला नाही, हेही.

रिक्षाने ठाकुर्लीला आलो. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मी बोट दाखवलं, तो दुसरा मजला, तो सज्जा. आई डोळ्यांवर हात धरून बघत होती. म्हणाली, झाडं हाईत, बरं झालं. तेवढ्यात काका भाजीची पिशवी घेऊन समोर. राज, या कोण?

मी म्हटलं, आमच्या शेतावर कामाला असायच्या.

आम्हाला शेत नाही. आई दुसऱ्यांच्या शेतात तंबाखू खुडत आली, त्यावर मी शिकलो.

आईने माझ्याकडे क्षणभरही पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, काकांना हात जोडले. म्हणाली, “व्हय जी. धाकट्या मालकांस्नी बघाय आल्ते. लई गुणाचं हाईत.” काकांनी तिला पिशवीतले दोन आंबे काढून दिले. तिने वरच्या वर, त्यांच्या हाताला हात न लागता, ओंजळीत झेलले. हे तिला कोणी शिकवलं? माझ्यासमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

संध्याकाळी कल्याणच्या डेपोत निपाणीच्या गाडीत बसवलं. डबा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, नको, घरात वास येतो. गाडी सुटायला वेळ होता. मी थांबलो नाही. तिच्यासमोर उभं राहवेना.

ती मला शेवटपर्यंत मालकच म्हणत होती. थट्टेने नाही. कोणी ऐकत असेल म्हणून.

१२ मे

दुपारी टकटक. आज आवाज हुबेहूब आईचा. “राजा… डबा ठिवून जाते बाळा. दार तरी उघड.”

आता तिचा आवाजही काढते ही. मला राग आला. इतका राग, की काल जे झालं ते सगळं हिनेच केलं असं वाटलं. दारावर हात आपटून ओरडलो, इथे असं कोणी राहत नाही! जा!

बराच वेळ सुस्कारे ऐकू येत होते. मग थांबले.

१३ मे

निशीचा फोन. आई पोचली नाही. तिचा फोन बंद लागतो. गाडीत बसवलंस ना नीट? हो म्हटलं. सुटेपर्यंत थांबला होतास ना?

हो म्हटलं.

१४ मे

शालूमावशीने हाक मारली. परवा दुपारी तुझ्या पायरीवर कोण बसली होती रे, म्हणाली. नवी साडी. मांडीवर डबा. मी पाणी नेलं.

मी म्हटलं, तीच असेल, नेहमीची.

मावशी म्हणाली, नाही. ती पाणी पीत नाही. हिने प्यायलं. दोन पेले. घटाघट.

मग मावशीने तिला विचारलं होतं, कोणाकडे आलीस? ती म्हणाली, कोनाकडं न्हाई, माझाच पत्ता चुकला. साहेबांचा डबा हुता. मावशीने म्हटलं, माझ्याकडे बस, ऊन उतरू दे. तर म्हणाली, नको, सोबत आहे. मावशीने फाटकाबाहेर बघितलं. दोघी खाडीच्या वाटेने चालल्या होत्या. हातात हात घेऊन.

मी फाटकातच बसलो. मावशीने तिच्या घरातलं पाणी आणलं. पेला माझ्या हातात भरलेलाच राहिला.

आई गाडीतून उतरली होती. रात्रभर डेपोत बसून राहिली असेल. सकाळी पायी, विचारत विचारत —

१५ मे

पोलीस स्टेशन. हवालदाराने विचारलं, नातं? मी म्हटलं, आई. तो म्हणाला, ऐकू येत नाही, मोठ्याने बोला. बाकावर चार माणसं बसली होती. दुसऱ्यांदाही मोठ्याने आलं नाही.

फोटो मागितला. फोनमध्ये एकच चांगला आहे, गेल्या वर्षीच्या जयंतीचा. पांढऱ्या साडीत, मागे बाबासाहेब, निळा झेंडा. तो दाखवायच्या आधी मी बोटांनी कापला. फक्त तिचा चेहरा ठेवला. हे केल्यावर मला कळलं की केलं.

हवालदाराच्या छातीवरची नावाची पाटी निघताना वाचली. आमच्यातलाच होता.

खाडीच्या कडेला सापडलेली एक चप्पल त्याने दाखवली. अंगठ्याला लाल दोऱ्याने शिवलेली. तो दोरा मी ओवून दिला होता.

१६ मे

निशी येते आहे. तिला काय सांगू —

कामावर गेलो नाही. जेवलो नाही. टॉवेल सोडून फोटो बाहेर काढला. खिळा ठोकायला हातोडी मागायला वर काकांकडे गेलो. म्हणाले, कसला फोटो? मी म्हटलं — राहू दे. खाली आलो. जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला आहे. तोंड भिंतीकडे. मी तसा ठेवला नव्हता. की ठेवला —

१७ मे

दुपार. टकटक नाही. दाराबाहेर दोघी बोलत आहेत.

दोन बायका पायरीवर बसून बोलतात तसंच. हळू, निवांत. वऱ्हाडी आवाज विचारतो, कुठून आल्या बाई? आई सांगते, निपाणीहून. पोरं किती? एक मुलगी हाय. तंबाखूचं सांगते. वडिलांचं सांगते. ती हसते. आई खरंच हसते, मी हसणं ओळखतो —

मग ती विचारते, “अन् इथं कोन आहे तुमचं?”

आई म्हणते, “माझं हितं कोन न्हाई. आमी त्यांच्यात कामाला हुतो.”

मी दाराला कान लावून उभा आहे. दार ऊन लागल्यासारखं तापलं आहे. कान भाजतो. काढवत नाही.

१८ मे

पुन्हा बसल्या आहेत. काकांनाही ऐकू येतं. वरून उतरले. दाराबाहेरून विचारतात, राज, त्या तुझ्या शेतावरच्या बाई आल्यात ना रे? आणि ही दुसरी… पुढे त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी तिला ओळखलं —

पुन्हा विचारतात. राज, ही तुझी कोण? सांग की.

आई माझ्यासाठी उत्तर देते आहे. कोन न्हाई जी. उगं आलो. निघतोच आता.

नाही —

इथे आधी लिहून ठेवतो, म्हणजे तोंडातून दुसरं काही निघणार नाही. ती रमाबाई मेत्री. माझी आई. मी राजरत्न. आम्ही बौद्ध. काका आहेत तोवरच बोलायला हवं, त्यांच्यासमोर, मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं —

उठल्या. बांगड्या वाजल्या. गुडघ्यावर हात टेकून उठली, सुस्कारा —

कडीला हात लागत नाही, भाजतं. टॉवेल घेतो. फोटो गुंडाळलेला, तोच —

थांब. आई, थांब, मी येतो, मी तुझा —